खालच्या जबड्यासाठी पायाचं हाड: कुणाच्या घरात हे ऑपरेशन झालंय का?

धायरीकर

नमस्कार. आरोग्य विभागात पहिल्यांदाच लिहितोय, पोस्ट जरा लांब होईल.

धाकटा भाऊ, वय २६, चाकणला कंपनीत आहे. डावीकडे खालच्या जबड्याला बरेच महिने सूज होती. दुखत नव्हती म्हणून त्याने मनावर घेतलं नाही. दाढ हलायला लागली तेव्हा दाताच्या डॉक्टरांकडे गेला. त्यांनी ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्सरे) काढला आणि दाढेला हातही न लावता पुढे पाठवलं. सीटी झाला, बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये अमेलोब्लास्टोमा. कॅन्सर नाही, पण जबड्याचा तेवढा तुकडा काढावाच लागेल म्हणतात, साधारण ८ सेंटिमीटर. आणि त्या जागी पायातलं फिब्युला नावाचं हाड रक्तवाहिन्यांसकट काढून बसवणार. दहा-बारा तासांचं काम.

दुसरीकडे दाखवलं तर तिथले म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, टायटॅनियमची पट्टी लावू आणि मोकळे होऊ. ओळखीच्या एका डॉक्टरांनी कमरेचं हाड सुचवलं. आता घरात तीन पक्ष झालेत. आईचं म्हणणं, तोंडासाठी धडधाकट पाय कशाला मोडायचा? वडील पट्टीवाले. ज्याचा जबडा आहे तो काहीच बोलत नाही.

पाय अधू होतो का? कमरेचं हाड का चालत नाही? दात परत मिळतात का? आणि पुण्यातच करावं की मुंबईला टाटा हॉस्पिटलला न्यावं? ज्यांनी स्वतः भोगलंय त्यांनी लिहिलं तर फार बरं होईल.

कोपऱ्यावरचा

टाटा. दुसरा विचारच करू नका. सकाळची डेक्कन क्वीन पकडा, दादरला उतरा, तिथून परळ जवळच.

बकुळ

कोपऱ्यावरचा, दुसरं मत घ्यायला टाटा उत्तमच. पण यांचा कॅन्सर नाहीये आणि ऑपरेशननंतर तपासण्यांसाठी वर्षानुवर्षं जावं लागतं. आमच्याकडे सासूबाईंचं पुण्यातच झालं (मिश्रीमुळे खालच्या हिरडीचा कॅन्सर), त्यामुळे थोडं सांगू शकते. रात्री सविस्तर लिहिते.

सुईदोरा

प्लास्टिक सर्जरीत आहे, पुण्यातच. स्कॅन न बघता तुमच्या भावाचं काय करावं हे सांगणार नाही. पण तीन डॉक्टरांनी तीन गोष्टी का सांगितल्या, ते सांगता येईल.

अमेलोब्लास्टोमा दात घडवणाऱ्या पेशींपासून होतो. तो सहसा शरीरात इतरत्र जात नाही, पण हाडात मात्र एक्सरेत दिसणाऱ्या कडेच्या पुढे शिरलेला असतो. नुसता खरवडून काढला तर बऱ्याच जणांना परत होतो, कधी दहा-पंधरा वर्षांनीसुद्धा. म्हणून दिसणाऱ्या कडेच्या पलीकडचं १ ते २ सेंटिमीटर निरोगी हाडही काढतात. सूज चार-पाच सेंटिमीटरची दिसत असताना ८ सेंटिमीटर कसे झाले, हा प्रश्न घरात पडला असेल, त्याचं उत्तर हे.

आता जागा भरायची कशाने? हाड अंगात कुठेही मिळतं. नव्या जागी त्याला रक्त कुठून मिळणार, यावर सगळं ठरतं. कमरेच्या हाडाचा तुकडा नुसताच काढून बसवला तर पहिले काही आठवडे तो आजूबाजूच्या मांसातून जे काही झिरपेल त्यावर असतो. हळूहळू त्यात नव्या वाहिन्या शिरतात, जुनं हाड झिजतं आणि नवं तयार होतं. फट लहान असेल, भोवतालचं मांस निरोगी असेल आणि तोंडातली लाळ आत उतरत नसेल, तर हे छान जमतं. साधारण ५-६ सेंटिमीटरच्या पुढे मात्र भरवसा कमी होत जातो: हाड विरघळतं, जंतुसंसर्ग होतो. रेडिएशन झालेल्या जागेत तर अशा तुकड्याच्या वाटेला जाऊच नये. फिब्युला आपल्या धमनी-शिरेसकट येतो. फांदी तोडून मातीत खोचणं आणि रोप मुळासकट उचलून लावणं, एवढा फरक आहे.

ऑपरेशनमध्ये दोन टीम एकाच वेळी काम करतात. एक तोंडाकडे, एक पायाकडे. पायातून हाड, त्याची पेरोनियल धमनी, शिरा आणि गरज असेल तर वरची थोडी कातडी असं सगळं एकत्र उचलतात. मग ती धमनी मानेतल्या धमनीला जोडायची, बहुतेकदा फेशियल धमनीला, आणि शिरा शिरेला. या वाहिन्या दोन-तीन मिलिमीटरच्या असतात. मायक्रोस्कोपखाली केसाहून बारीक नायलॉनने टाके घालतो. फिब्युला सरळ, जबडा वळणदार, त्यामुळे हाड मध्ये कापून कोन द्यावे लागतात. पण वरचं आवरण आणि त्यातली वाहिनी अखंड ठेवून. तुकडे दोन-अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान करत नाहीत, नाहीतर त्यांचं रक्त तुटतं. हल्ली सीटीवरून आधी कंप्युटरवर सगळं आखतात आणि कुठे कापायचं याचे साचे थ्रीडी प्रिंट करून घेतात. तुमच्याकडे ती सोय आहे का, हे विचारा. नसली तरी ऑपरेशन उत्तम होतं, अनुभवी हात वर्षानुवर्षं साच्याशिवायच करत आलेत.

हे तंत्र प्रायोगिक वगैरे नाही. ऑस्ट्रेलियात इयन टेलर यांनी १९७५ साली रक्तवाहिन्यांसकट फिब्युला पायाच्या हाडासाठी वापरल्याचं प्रसिद्ध केलं, आणि १९८९ साली न्यूयॉर्कच्या हिडाल्गो यांनी जबड्यासाठी. आज मोठ्या केंद्रांत ९० टक्क्यांहून जास्त फ्लॅप (रक्तवाहिन्यांसकट बसवलेला भाग) जगतात.

पट्टीबद्दल. पट्टी म्हणजे हाड नव्हे. प्रत्येक घासाला तिच्यावर ताण येतो. काही वर्षांत धातू थकून मोडतो, स्क्रू सैल होतात किंवा पट्टी कातडीतून बाहेर डोकावते. ७८ वर्षांच्या, हृदय कमजोर असलेल्या पेशंटला मी स्वतः पट्टी सुचवीन, कारण दहा तासांची भूल त्याला झेपणार नाही. तुमचा भाऊ २६ वर्षांचा आहे.

धायरीकर

सुईदोरा, मनापासून आभार. हे आईला वाचून दाखवलं. तिचा पुढचा प्रश्न: मग पायात काय राहतं?

चालतेव्हा

फिजिओथेरपिस्ट आहे, हा माझा प्रांत. गुडघ्याखाली दोन हाडं. पुढचं जाड ते टिबिया, अंगाचं बहुतेक सगळं वजन त्याच्यावर. फिब्युला बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, त्याच्यावर वजन फार थोडं येतं. त्याचं मुख्य काम घोट्यापाशी. म्हणून घोट्याकडचे ६-७ सेंटिमीटर जागेवरच ठेवतात आणि गुडघ्याकडचाही थोडा भाग ठेवतात, तिथून पायाचा पंजा वर उचलणारी नस वळसा घालून जाते. मधला भाग काढला तरी सांधे शाबूत राहतात.

सर्जननी परवानगी दिली की काही दिवसांत वॉकरवर उभं करतो. सुरुवातीला घोटा सुजतो, जड वाटतो. पायाचा अंगठा खाली दाबण्याची ताकद कमी होते, कारण तो स्नायू याच हाडावरून निघतो. कातडीही घेतली असेल आणि पायाची जखम ओढून शिवता आली नाही, तर मांडीची पातळ कातडी तिथे लावतात, मग चालणं थोडं लांबतं. आणि गंमत म्हणजे मांडीची ती जागा पेशंटला पायापेक्षा जास्त चुरचुरते.

आधी पायाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन (सीटी अँजिओ किंवा डॉपलर) झालाय का बघा. क्वचित एखाद्याच्या पावलाचा रक्तपुरवठा मुख्यतः पेरोनियल धमनीवरच असतो. अशा पायाचं हाड घेत नाहीत.

पोटरीपुराण

इथे भोगलेला मी आहे. गुटखा खायचो. राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि बंदीनंतरही मला कोपऱ्याकोपऱ्यावर मिळत होता, एवढंच बोलतो. उजवीकडचा अर्धा जबडा गेला, फिब्युला बसला, नंतर रेडिएशनच्या ३० बैठका.

पहिले तीन दिवस कुणी सांगत नाही ते ऐका. गळ्याला भोक पाडून नळी टाकलेली असते, कारण तोंडात सूज येऊन श्वास अडू शकतो. बोलता येत नाही. आम्ही पोराची पाटी-पेन्सिल नेली होती, मोबाइलवर टाइप करण्यापेक्षा ती सोपी पडली. नाकातून राइल्स ट्यूब, सगळं जेवण तिच्यातून. मान एका बाजूला ठेवायची, वळवायची नाही, जोडलेली वाहिनी दबू नये म्हणून. आणि रात्रभर तासातासाला नर्स येणार, टॉर्च मारून तोंडातल्या कातडीचा रंग बघणार, पेन्सिलसारखं यंत्र लावून रक्ताचा आवाज ऐकणार. झोप विसरा. मला दुसऱ्या रात्री परत ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) नेलं, शिरेत गुठळी झाली होती. बायको बाहेर हादरून गेली. गुठळी काढली, फ्लॅप वाचला.

पाय: मी पर्वती चढतो. उतरताना रेलिंग धरतो. पळत जाऊन पीएमपी पकडत नाही, पण ते वयामुळेही असेल. अंगठ्याची चप्पल निसटते, मागे पट्टा असलेली सँडल घ्या.

एक विचित्र गोष्ट. पायाची कातडी तोंडात बसवली, तर त्या कातडीवर केस येतात. हो, तोंडात. माझे रेडिएशननंतर गेले. ज्यांना रेडिएशन नाही त्यांनी डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा.

सुईदोरा

पोटरीपुराण, तुमची पोस्ट मी यापुढे पेशंटना दाखवणार, चालेल ना? दोनच भर घालतो. गुठळी झाली तर बहुधा पहिल्या दोन-तीन दिवसांतच, म्हणून तो पहारा. कातडी निळी-काळी पडली तर शिरेत अडथळा, पांढरी फटक पडली तर धमनीत. वेळेवर परत उघडलं तर बरेच फ्लॅप वाचतात. परत ओटीत नेलं म्हणजे ऑपरेशन फसलं, असं नातेवाइकांनी समजू नये.

केसांचं खरं आहे. लेझरने काढता येतात. हाडावर कातडी न घेता नुसता स्नायू घेतला तर तो प्रश्नच येत नाही, पण ते तोंडातलं अस्तर किती काढावं लागतंय त्यावर ठरतं.

निर्मळमन

एवढी कापाकापी करण्याआधी एकदा चांगल्या वैद्यांना दाखवा. आमच्या शेजाऱ्यांची गालाची गाठ काढ्याने विरघळली. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, नंबर देतो.

दंतकथा

शेजाऱ्यांची गाठ कसली होती? बायोप्सी केली होती का? लाळेच्या ग्रंथीची सूज, दाढेचं गळू, या गोष्टी आपोआपही उतरतात. बायोप्सीत आलेला अमेलोब्लास्टोमा काढ्याने जात नाही. काढा पिण्यात वर्ष घालवलं तर ८ सेंटिमीटरचे १२ होतील आणि हनुवटीही जाईल. हनुवटीचा भाग गेला की ओठाचा आधार जातो, लाळ गळते, पुनर्रचना दुपटीने अवघड होते.

आता दातांबद्दल, कारण मूळ प्रश्नातला तोच भाग सगळे विसरले. फिब्युलामध्ये टायटॅनियमचे इम्प्लांट बसतात आणि त्यावर पक्के दात येतात. साधारण सहा महिने हाड सांधू देतात, मग इम्प्लांट, मग आणखी काही महिन्यांनी दात. रेडिएशन नसल्यामुळे तुमचा भाऊ यासाठी चांगला उमेदवार आहे. अडचण उंचीची. दात असलेल्या जबड्याची उंची ३ सेंटिमीटरच्या आसपास, फिब्युला जेमतेम १३ ते १५ मिलिमीटर. ते खालच्या कडेला लावलं तर चेहरा सुबक दिसतो, पण दात फार खोलात जातात आणि लांबच लांब करावे लागतात. वर लावलं तर दात सोपे, पण गालाची रेघ बसते. म्हणून कधी हाड दुमडून दुहेरी लावतात. हा निर्णय ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचा नसतो. दात बसवणारा डॉक्टर आखणीच्या वेळीच हजर हवा. आमच्याकडे पेशंट येतात ते सगळं झाल्यावर, आणि तेव्हा हाड अशा जागी असतं की दात गालात उगवावेत. सर्जनना स्पष्ट विचारा: दात कोण बसवणार आणि त्यांच्याशी बोलणं झालंय का?

आणि एक, जे बहुतेकदा सही घेतानाच कळतं. जबड्याच्या आतून जाणारी नस कापली जाते, त्यामुळे खालच्या ओठाची डावी बाजू आणि हनुवटी बधिर होईल. काही ठिकाणी नसेचं ग्राफ्ट करतात (दुसरीकडची नस आणून जोडतात), विचारून बघा. बधिर ओठावरून चहा ओघळतो आणि कळत नाही. लग्न ठरायच्या वयाचा मुलगा आहे, त्याला हे आधीच कळलेलं बरं.

मगरपट्टा

अवांतर. माझ्या वडिलांना वरच्या एका दाताच्या इम्प्लांटसाठी बोन ग्राफ्ट सांगितलंय. त्यांनी हा धागा वाचला आणि सकाळपासून पाय धरून बसलेत.

दंतकथा

हा हा. त्यांना सोडा म्हणावं. एका दाताला पायाचं हाड लागत नाही. तिथे हाडाची पूड किंवा दाणे भरतात. ती पूड स्वतःच्याच जबड्यातून खरवडलेली असू शकते, हाडपेढीतली, प्रक्रिया केलेली गाईच्या किंवा डुकराच्या हाडाची, किंवा पूर्ण कृत्रिम. गाईचं नको, डुकराचं नको असं असेल तर आधी सांगायचं, पर्याय असतात. हे डॉक्टरांनी न विचारता सांगायला हवं, पण तुम्हीच विचारा.

बखरवाचक

जबड्याचा नाही, पण नाकाचा इतिहास इथलाच आहे म्हणून लिहितो. इंग्रजी फौजेत कावसजी नावाचा मराठा गाडीवान होता, टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं. पुढे पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक करून दिलं. ती हकिकत चित्रासह लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये ऑक्टोबर १७९४ मध्ये छापून आली. ती वाचून लंडनचे कार्प्यू यांनी १८१४ साली तसंच ऑपरेशन केलं. सुईदोरा म्हणतात तोच रक्ताचा मुद्दा तिथेही होता. कातडी पूर्ण कापली नव्हती, दोन भुवयांच्या मधे देठ शिल्लक ठेवला होता.

कोपऱ्यावरचा

आलंच! पुण्यात कुठलाही धागा पेशवाईपर्यंत न जाता संपत नाही.

सुईदोरा

जाऊ दे की, बरोबर आहे ते. तो देठ ठेवायचा की पूर्ण तोडून दुसरीकडे रक्त जोडायचं, एवढाच काय तो पुढचा टप्पा.

बकुळ

आता पैशांचं. आमच्याकडे महात्मा जोतिराव फुले योजनेतून बराचसा भाग झाला. पूर्वी कुटुंबाला वर्षाला १.५ लाख मर्यादा होती, आता ५ लाख आहे आणि पांढरं रेशनकार्डही चालतं. योजनेत असलेल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र बसतात. भरती होण्याआधी त्यांच्याकडून नक्की कुठलं पॅकेज मंजूर होणार ते लिहून घ्या: ट्यूमर काढण्याचं, की फ्लॅपसकट. पट्टी-स्क्रू, थ्रीडीचे साचे आणि दातांचे इम्प्लांट वेगळे पडतील असं धरून चला.

योजनेत बसत नसेल तर धर्मादाय हॉस्पिटलांना कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, त्याला वेळ लागतो, आजच अर्ज करा. भावाला कंपनीत ईएसआय किंवा ग्रुप इन्शुरन्स असेल तर तेही बघा. आणि पॉलिसीवाले 'दाताचं ऑपरेशन आहे' म्हणून क्लेम नाकारतात. कागदावर 'जबड्याच्या हाडाचा ट्यूमर' असं स्पष्ट लिहून घ्या.

प्रशासक

वरचा एक फोन नंबर काढला आहे. डॉक्टरांची नावं आणि नंबर कृपया व्यनितून.

धायरीकर

सगळ्यांचे आभार. काल भावाला घेऊन पहिल्या सर्जनकडे परत गेलो. दंतकथांचा प्रश्न विचारला: दात कोण बसवणार? ते हसले आणि म्हणाले, कुठे वाचून आलात? पुढच्या भेटीला त्यांच्याकडचे दातांचे डॉक्टरही बसणार आहेत, आखणी आम्हाला स्क्रीनवर दाखवणार आहेत. पायाचा सीटी अँजिओ झाला, तिन्ही वाहिन्या नीट आहेत. कमरेच्या हाडाचा विषय त्यांनीच काढला. एवढ्या फटीत रक्तवाहिनीशिवाय नको, आणि कमरेचंही हाड घेतलं की चालताना दुखतं, मांडीला बधिरपणा येऊ शकतो, तेव्हा 'पाय वाचला' असं काही नसतं, असं म्हणाले. आई तिथेच होती. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, डावा पाय घ्या म्हणावं, उजव्याने तो किक मारतो. सर्जननी तेही लिहून घेतलं, बाजू कुठली घ्यायची याची त्यांची वेगळी कारणं आहेत पण जमवू म्हणाले.

स्कॅन टाटाला दुसऱ्या मताला नेणार आहोतच. वडील अजून पट्टीवर अडून आहेत. बकुळताई, घरी आल्यावर खायला काय देत होतात?

बकुळ

नळी असेपर्यंत डाएटिशियन देतील तेच, सगळं गाळून. गाळणीशिवाय एक थेंब नको, नळी तुंबते. तोंडाने सुरू झाल्यावर तांदळाची पेज, नाचणीची आंबील, वरणाचं पाणी तूप घालून, मऊ खिचडी मिक्सरमधून. प्रोटीनसाठी अंडं खात असेल तर उत्तम, नाहीतर पनीर ताकात फिरवून. तिखट आणि गरम दोन्ही बंद, बधिर ओठ भाजतो आणि पत्ता लागत नाही. दर खाण्यानंतर चूळ. चमचा लहान मुलांचा घ्या, तोंड पहिल्यांदा फार कमी उघडतं. तोंड उघडण्याचे व्यायाम सर्जन सांगतील तेव्हा कंटाळा न करता करून घ्या.

तारीख ठरली की इथे टाका. रक्त लागेल, बी पॉझिटिव्ह असेल तर आमच्या घरात दोघं आहेत.